कन्या राशीचं नाणं

"ताई, तिसऱ्यांदा डबा उपसताय," जुन्या बाजारातला विक्रेता वैतागला.

उपसणारच! चहाच्या पुड्यांतून निघणारी बारा राशींची पितळी नाणी अण्णांनी जमवली होती. ते गेल्यावर अल्बममध्ये अकराच निघाली. नेमकी माझी कन्या रास गायब. तीन वर्षं तो रिकामा कप्पा मला टोचत होता.

आणि डब्याच्या तळाशी ती सापडली! धावत घरी आले, चपलांसकट स्वयंपाकघरात शिरले आणि आईपुढे नाणं नाचवलं.

"मला विचारायचंस तरी," चहा ढवळता ढवळता आई म्हणाली. "या घराच्या वास्तुशांतीला त्यांनीच ते वास्तुपुरुषाशेजारी फरशीखाली पुरलं. म्हणाले, लेकीचं नाणं लेकीच्या घरात राहू दे."

"कुठल्या फरशीखाली?"

"तू उभी आहेस, त्याच."

मी चपला काढल्या.