अरेकाचं निदान

वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक वर्तक यांना घरात कुणी काही विचारून दोन वर्षं झाली होती. त्यामुळे सुनेनं "नाना, हा पाम का हो सुकतोय?" म्हटल्यावर ते खाटेवरून जवळजवळ उडी मारूनच उतरले.

पिवळसर दांडे त्यांनी प्रेमानं चाचपले. "अगं, हा अरेका! सावलीत तग धरतो तो ऱ्हापिस पाम वेगळा. याला कशाला आतल्या अंधाऱ्या खोलीत कोंडतेस? तिथे कुठलाही जीव टिकायचा नाही. याला पूर्वेची खिडकीच हवी."

पूर्वेच्या खिडकीशी नानांची खाट होती. "तुम्हीच म्हणालात ना, नाना?" म्हणत सुनेनं ती त्याच दुपारी आतल्या खोलीत हलवली.

पंधरवड्यात पामला नवं पान फुटलं. "नाना, तुमचं निदान अगदी अचूक हो!" सून बाहेरूनच ओरडली.

अंधारात पडल्यापडल्या नाना सुखावले. या घरात शेवटी कुणीतरी त्यांचं ऐकलं होतं.