घाट आणि ट्रॅक

बाप मेकॅनिक, डोंगराकडचा. तिकडे घाटातल्या रॅलीला गावंच्या गावं रस्त्यावर उतरत. थोरला मुलगा रॅलीतल्या अपघातातच गेला, तरी रॅलीला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत. लेक शहरात ट्रॅकवर गाडी पळवू लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "गोल गोल फिरायचं, त्यात कसली शर्यत?"

आज तिची गाडी भिंतीवर आदळल्याचा फोन आला, तेव्हा तो धावत हॉस्पिटलात आला. पाय मोडला होता, बाकी लेक ठणठणीत होती.

"बाबा, ट्रॅकवर डॉक्टर मिनिटभरात पोचले."

तो प्लास्टरवरून हात फिरवत म्हणाला,

"दादापर्यंत पोचायला आम्हाला तीन तास लागले. पोचलो तेव्हा पाणी मागत होता."

"पण तो जागच्या जागी गेला, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

"आईला अजून तेच माहीत आहे," म्हणत त्याने तिच्या पायावर पांघरूण ओढलं.