शून्याच्या जागी एक

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला त्याला चूक सापडली, आणि त्याने ती कुणालाच सांगितली नाही.

समोरच्या टेबलापाशी ती बसली होती. "काही हाती लागलं का, मास्तर?" तिने विचारलं. त्याने स्क्रीनवरची नजर न काढता नकारार्थी मान हलवली आणि चष्मा पुसायला घेतला. चूक सापडल्याला आज दहा दिवस झाले होते, आणि तो अजून चष्माच पुसत होता.

सात वर्षांपूर्वी तो तिच्यासोबत याच ऑफिसात होता. ही मंडळी कंपायलर बनवत, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा उतरवून देणारा प्रोग्राम. त्यातला एक भाग त्याने एकट्याने लिहिला होता. त्या भागाचं काम सरळ होतं: जिथे आकडे एकेक करून हाताळले जातात तिथे आठ-आठ एकदम घ्यायचे. चहाचा एकेक कप नेण्याऐवजी ट्रेमधून आठ नेतात, तसं. आठात न बसणारे जे शेवटी उरतात, ते मात्र हातानेच न्यावे लागतात.

चूक या उरलेल्यांच्याच ओळीत होती. यादी शेवटाकडून उलटी वाचली जात असेल आणि नेमका एकच आकडा उरला असेल, तर तो तसाच मागे राहून जाई. त्या ओळीत शून्याच्या जागी एक, एवढाच फरक. म्हणून तर इतकी वर्षं ती कुणाच्या नजरेस आली नाही. मग जुने फोटो उजळून देणाऱ्या एका ग्राहकाने तक्रार केली की काही फोटोंच्या कडेला केसाएवढी काळी रेघ राहते. ही फाइल ज्याने लिहिली त्याच्याशिवाय कुणाला उलगडायची नाही, असं तिने टीम लीडला सांगितलं, आणि त्याला फोन गेला.

फोनवरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो हो म्हणाला होता. फाइल आपली म्हणजे चूकही आपलीच, हे त्याने गृहीतच धरलं.

करार चूक दुरुस्त होईपर्यंतचा होता. झाली की परतीची गाडी. आणि त्याला परत जायचं नव्हतं. त्याला समोरच्या टेबलापाशी बसणारी ती हवी होती. सात वर्षांपूर्वी हवी होती, आताही हवी होती, त्यात तसूभरही फरक पडला नव्हता. निरोपाच्या दिवशी ती काहीतरी बोलेल म्हणून तो दारापाशी उगाच बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत बसला होता. ती नुसती "जपून जा" म्हणाली होती.

मुक्काम ताईकडे होता, आणि ताई रोज जेवताना खोदून खोदून विचारी. "एका चुकीला किती दिवस रे तुला? शाळेत गणिताला एवढा वेळ लावला असतास तर बाबांनी सोलून काढलं असतं."

"अवघड आहे," तो म्हणे.

"कोण? चूक, की ती?" असं म्हणून ताई त्याच्या ताटात आणखी भाजी वाढी. भूक नसताना तो ती मुकाट्याने खाई.

ऑफिसात टीम लीड घायकुतीला आला होता. सोमवारी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. तो याच्या टेबलापाशी आला की ती मध्येच त्याला थोपवून धरी. जुनं काम आहे, घाई केली तर आणखी बिघडेल, असं काहीबाही सांगे. तिला आपली कीव येत असणार, असं वाटून याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

रोज चारला तिचा फोन वाजे. "जेवलात ना? येतेच मी," ती हळू आवाजात म्हणे, आणि पाचच्या ठोक्याला पर्स उचलून निघे. पलीकडे कोण आहे हे विचारायला त्याची जीभ कधी रेटली नाही.

आज कशी कोण जाणे, रेटली.

"घरी कोण असतं तुझ्या?"

"बाबा," ती म्हणाली. "त्यांना सांभाळणाऱ्या बाई पाचला जातात. दुसरं कोण असणार?"

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ त्याला स्वतःचीच लाज वाटली. दहा दिवस आपण हिच्याशी धडधडीत खोटं बोलतोय. मनातलं विचारायचं तर आधी हे कबूल करायला हवं. मग ती आपलं तोंडही पाहणार नाही, ते वेगळं.

"चूक सापडली आहे," तो म्हणाला.

"कधी?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातल्या पेनाला टोपण लावलं. "मग दुरुस्ती पाठव," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे सगळं लिहून." आणि बाटली घेऊन पाणी भरायला निघून गेली.

संपलं, त्याला वाटलं. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं आपण दहा दिवसांत हाताने घालवलं. त्याने एक खोडून शून्य लिहिलं. चाचण्या चालवल्या, सगळ्या पार पडल्या. राहिला नियम. चूक कोणत्या जुन्या बदलातून आत शिरली आणि तो कुणी केला होता, हे दुरुस्तीबरोबर लिहावंच लागे. हा नियम इथे असताना त्यानेच घातला होता. आता आपलंच नाव आपल्या हाताने लिहायचं, म्हणून तो स्वतःशी कडवट हसला आणि त्याने त्या ओळीचा इतिहास, म्हणजे ती कधी, कुणी बदलली याची नोंद, उघडला.

नाव त्याचं नव्हतं. तारीख तो निरोप घेऊन गेला त्यानंतरच्या सकाळची होती, नाव तिचं होतं, आणि बदलाचं कारण लिहायच्या जागी तिने लिहिलं होतं: 'तात्पुरता बदल. ज्याची फाइल आहे तो परत आला की त्यानेच काढावा.'