समोरच्या घरातला हलवा

लोण्यात मैदा भाजल्याचा वास समोरच्या खिडकीतून आला आणि मेलाहतच्या हातातली सुरी शेंगांवरच थांबली. सकाळी दहा वाजता असला हलवा कोणी उगीच भाजत नाही. घरातलं माणूस गेलं की कढई चढते, सगळे आळीपाळीनं कलथा फिरवतात आणि फिरवता फिरवता गेलेल्याच्या नावानं फातिहाची दुआ म्हणतात. समोरच्या घरात माणसं दोनच, मेलाहतची आई आणि धाकटी बहीण नूरान. नूरान तर मघाशीच पाव घेऊन जाताना दिसली होती.

म्हणजे आई गेली. आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही.

मेलाहतला रडू आलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अकरा वर्षं बोलणं बंद होतं, कबूल. पण मयताची खबर वैऱ्यालासुद्धा देतात. गल्ली ओलांडायला बारा पावलं लागतात. तेवढी बारा पावलं त्या नूरानला टाकवली नाहीत?

भांडणही असल्या हलव्यावरूनच झालं होतं. मेलाहतचा नवरा रेजेप लग्नांत ढोल बडवायचा. आईला तो शेवटपर्यंत चालला नाही. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, ‘तो ढोलवाला’ एवढंच. ईदला तो रीतीप्रमाणं तिच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला की ही बाई हात पदराआड न्यायची. मेलाहतनं तेही गिळलं. पण रेजेप एका दुपारी छातीत कळ येऊन गेला, सगळी गल्ली तिच्या स्वयंपाकघरात लोटली, कलथा या हातातून त्या हातात फिरला, आणि सख्ख्या आईनं समोरच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्या दिवसापासून मेलाहतला आई नव्हती.

तरीही ती निघाली, शेंगांचे हातसुद्धा न धुता. गल्लीत शेजारची फेरिदेबाई मयताच्या घरी द्यायला सुपाचं पातेलं घेऊन आधीच बाहेर पडली होती. कधी गेल्या गं, असं तिनं हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस? मी कोण लागते त्या घराची?" मेलाहत म्हणाली आणि दार ढकलून आत शिरली.

नूरान दारामागच्या बोळात तिवईवर बसली होती. डोळे रडून लाल. मेलाहतनं तिला तोंड उघडू दिलं नाही. कुठं ठेवलंस तिला, आंघोळ घातलीस का, तीही माझ्याशिवायच उरकलीस का, बहीण आहेस की हाडवैरीण, असं तोंडाला येईल ते ती बोलत सुटली. नूरान दोनदा "ताई, ऐक तर" म्हणाली. शेवटी तिनं नुसतं स्वयंपाकघराकडं बोट केलं.

शेगडीपुढं आईच उभी होती. शहाऐंशी वर्षांची, एक हात ओट्याच्या कडेला, दुसऱ्या हातात कलथा. मैदा अक्रोडाच्या कवचासारखा तांबूस झाला होता. तिला धाप लागली होती, पण हात थांबत नव्हता.

 मेलाहतनं दाराची चौकट धरली. क्षणभर जीव भांड्यात पडला आणि लगेच संताप दुप्पट होऊन आला. मरणाची कसली थट्टा ही? दारात लोक सूप घेऊन उभे राहिलेत. मला बोलवायला एवढं नाटक? लाज उरली नाही का या वयात? आईनं मान वळवली नाही. मेलाहतनं पुढं होऊन तिचं मनगट धरलं.

"कोण मेलंय या घरात?"

"या घरात नाही," आई म्हणाली. "तुझ्या घरात. रेजेप."

नूराननं मागून सांगितलं की सोमवारी डॉक्टर येऊन गेल्यापासून आईनं रेजेपच्या नावाचा हलवा करायचा हेच धरून ठेवलंय. तासभर उभी आहे, पण कलथ्याला कोणाचा हात लागू देत नाही.

मेलाहतनं मनगट सोडलं. पण राग कुठं सुटतो असा? अकरा वर्षं तो पोटात शिजला होता.

"आता?" तिचा आवाज चिरकला. "तेव्हा पडदा ओढून घेतलास. तेव्हा तुझा एक हात लागला असता तर मी तुझे पाय धुऊन पाणी प्याले असते. आता कोणासाठी करतेस हे?"

आईनं साखर विरघळवलेलं गरम दूध कढईत ओतलं. चर्र झालं, वाफ तिच्या तोंडावर आली. ती मागं सरली नाही. चरचर थांबेपर्यंत ढवळत राहिली. मग तिनं गॅस बारीक केला आणि पहिल्यांदा लेकीकडं पाहिलं.

"डॉक्टर म्हणतो, फार तर महिना. आता मला तिकडंच जायचंय, मेलाहत. तो तिथं आधीच जाऊन बसलाय. जावयाच्या दारात रिकाम्या हातानं कशी उभी राहू?"