पट्टी कुठे तुटते

मी वेल्डिंगने जोडलेली लोखंडी पट्टी परीक्षकांनी यंत्रात आवळली आणि यंत्र तिला दोन्हीकडून ओढू लागलं. ती तुटणार हे ठरलेलंच. पण जोडावर तुटली तर मी नापास. याआधी दोनदा तिथेच तुटली होती. शिडीवरून पडून मनगट मोडल्यापासून हात थरथरायचा. सहा महिने रोज भंगारातले तुकडे जोडत बसले. आयुष्यभर वेल्डिंग केलेले बाबा म्हणायचे, "लोखंडापेक्षा तूच जास्त तापतेस." पास झाले तर जहाजबांधणीच्या कारखान्यात नोकरी, नाहीतर पुन्हा खिडक्यांचे गज. यंत्राचा काटा चढत गेला. मी मनगट घट्ट धरलं, डोळे मिटले. काडकन आवाज झाला. परीक्षकांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले. बघायचा धीर होईना, म्हणून अंगठ्याने चाचपलं. दारात थांबलेल्या बाबांनी एवढंच विचारलं, "कुठे?" "लोखंडात तुटली," मी म्हणाले. "माझा जोड तसाच आहे."