छबूची बांगडी

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमाराला चिखलीच्या मंजुळाबाई दर गुरुवारी आंधळ्या मुलींच्या आश्रमात वेण्या घालायला जायच्या. फाटकापाशी त्यांच्या बांगड्या वाजल्या की आत एकच गलका उठायचा, "मावशी आल्या!"

आज त्या बऱ्याच दिवसांनी आल्या, आणि कुणाला पत्ताच लागला नाही. ओसरीवर छबू बसली होती, सगळ्यांत थोरली, लग्नाच्या वयाची. मंजुळाबाईंनी मुकाट्यानं तिच्या केसांत फणी घातली. पहिल्या पेडालाच छबूनं ओळखलं. मागं हात करून तिनं त्यांचं मनगट चाचपलं.

"मावशी, बांगड्या कुठं गेल्या?"

"फुटल्या गं."

"समद्या?" छबूनं आपल्या हातातली एक उतरवून त्यांच्या मुठीत दिली. "ही घाला. न्हाईतर पोरींना कळायचं कसं, तुमी आलाय ते?"

कपाळावरचं कुंकू पुसून महिना झाला होता. मंजुळाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि बांगडी हातात घातली. ती सहज चढली. क्षणभर तो हात त्यांनी छातीशी धरला.

मग आवाज होऊ न देता काढली आणि छबूच्या हातावर ठेवली.

"लहान होतीया गं मला."