रंगवलेले दगड

"ते दगड नाहीत," शार्दूल पुन्हा म्हणाला. "रंग आहे तो."

टीव्हीच्या पडद्यावर चेस्की क्रुमलोवच्या किल्ल्याची भिंत होती. युरोपहून परतून शार्दूल, त्याची बायको स्वरदा आणि मुलगी इरा यांना आठवडा झाला होता. रविवारी दुपारी शार्दूलचा मित्र मधू आणि त्याची बायको नीलांबरी ऑकलंडच्या टाकानिनी उपनगरातल्या या घरी जेवायला आणि फोटो पाहायला आले होते. मधूने पडद्याजवळ जाऊन निरखले. घडीव, चौकोनी दगड, कडेकडेला सावली. हात लावला तर बोटे खाचेत जातील असे.

"हुबेहूब आहे रे," तो म्हणाला.

"तेच तर. हुबेहूब आहे, हाच गुन्हा आहे."

स्वरदाने ओठ आवळून पुढचा फोटो लावला. झेक गावाला कवेत घेणारी व्हल्टावा नदी, लाल कौले, गोल मनोरा. पण ती स्वतः मागच्या फोटोपाशीच अडकली. तिथेही असेच घडले होते. गाइड बाई छत्री उंचावून सांगत होती की दगड महाग म्हणून चारशे वर्षांपूर्वी गिलाव्यावर दगड चितारले. वीस माणसे कौतुकाने हसली. शार्दूल पुढे झाला, त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकले, आणि सर्वांदेखत त्या बाईवर कडाडला: लोकांचे फोटो काढून झाल्यावर कशाला सांगता, आधी का सांगत नाही? कोपऱ्यावरच्या डेअरीतून नासके दूध आले तरी मुकाट ओतून टाकणारा हा माणूस. आठ वर्षांच्या संसारात त्याचा चढलेला आवाज तिने ऐकला नव्हता. रडवेल्या झालेल्या बाईची माफी स्वरदाने मागितली. पाच वर्षांची इरा बापाचा हात ओढत म्हणाली, "इट्स जस्ट पेंट, डॅड." त्यानंतर दिवसभर किल्ल्यातल्या पाळीव अस्वलांच्या खंदकापाशी, पुलावर, चर्चच्या दाराशी तो नुसत्या भिंती ठोकत राहिला, आणि ती दहा पावले मागे राहून धुमसत राहिली. या प्रवासासाठी तिने तीन वर्षे वाट पाहिली होती.

"वहिनी, याला सुट्टीवर नेलंत की साइटवर?" मधूने विचारले.

भिंती ठोकणे हा शार्दूलचा पेशाच होता. घर विकत घेण्याआधी ऑकलंडमधले लोक त्याला तपासणीला बोलावत. बाहेरून गुळगुळीत गिलावा आणि आत पाणी मुरून कुजलेली लाकडी चौकट, अशी घरे या शहरात पुष्कळ होती. ओलावा मोजायचे यंत्र त्याच्या खिशात असे, पण ते काढायची वेळ क्वचितच येई. पेराच्या दोन टकटकींत त्याला कळे, भिंत आतून शाबूत आहे की गेली आहे.

नीलांबरी त्याच्या बाजूने बोलली. दर डिसेंबरात इराच्या खोलीला स्वतःच्या हाताने रंग देणारा बाप तिने दुसरा पाहिला नव्हता. मधूला एक खिळा ठोकायला सांगितला तर महिना जातो. स्वरदाला मग घर घेतानाचे दिवस आठवले. घरांचे चार लिलाव हातचे गेले होते. ती सात महिन्यांची गरोदर होती. पाचवे घर पाहताना आज जी इराची खोली आहे तिच्या खिडकीशी ती उभी राहिली, बाहेरचे लिंबाचे झाड पाहिले आणि म्हणाली, हेच घर. शार्दूल नुसता हसला होता.

आतून इराच्या खोकल्याचा आवाज आला. कोरडा, न थांबणारा.

नीलांबरीने विचारले, अजून आहेच का? दोन वर्षे झाली, स्वरदा सांगू लागली, इनहेलर आहे, डॉक्टर म्हणतात वयाबरोबर जाईल. बोलता बोलता ती थांबली. पडद्यावर इरा होती. मनोऱ्याच्या एकशे बासष्ट पायऱ्या धावत चढून गेलेली, वाऱ्यात केस उडालेले, खळखळून हसणारी. त्या पंधरा दिवसांत ती एकदाही खोकली नव्हती. खोकला परतला तो इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी.

स्वरदाने कॉफी केली. पाहुण्यांना दारापर्यंत पोहोचवले. मग इराला टीव्हीपुढे बसवून ती सरळ तिच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या उशाजवळचे कपाट ढकलू लागली.

"राहू दे," मागून शार्दूल म्हणाला. "जड आहे ते."

कपाट सरकले. मागचा पिवळा रंग फोडांसारखा फुगला होता. खाली काळी बुरशी पसरली होती. स्वरदाने बोट टेकवले. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले.

ती वळली तेव्हा तिचा आवाज खालचा होता, आणि म्हणूनच भयंकर होता. "पाच वर्षं माझी मुलगी या भिंतीला डोकं लावून झोपते आहे. परक्या गावात एक भिंत सोडली नाहीस तू. त्या बिचाऱ्या बाईला रडवलंस. आपल्या घराची ही एक भिंत कधी ठोकून बघावीशी वाटली नाही तुला?"

शार्दूल खिडकीकडे पाहत होता. बाहेर लिंबाचे झाड फळांनी वाकले होते.

"ठोकली होती," तो म्हणाला. "इथे उभी राहून तू 'हेच घर' म्हणालीस ना, त्याच्या जरा आधी."